तिसरा स्क्रू

निवृत्त झाल्यानंतर पहिले दोन महिने बाबांनी काहीच केलं नाही. "काहीच" हा शब्द मी मोजून वापरते आहे. सकाळी आंघोळ करून ते खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतंय का ते बघायचे. ते बरोबर चालायचं. तेहतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले तराजू तपासले होते. आता तपासायला एक घड्याळ उरलं होतं आणि त्यातही खोट निघत नव्हती. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

तिसऱ्या महिन्यात बाथरूममधला नळ गळायला लागला. बाबा वायसर आणायला म्हणून गेले आणि अवजारांची अख्खी पेटी घेऊन आले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. नळ थांबला नाही. तो आता दुसऱ्या ठिकाणाहून गळत होता आणि बाबांच्या मते ही प्रगती होती.

मग त्यांनी टॉवेलची दांडी लावली, स्वयंपाकघरात फळी ठोकली, माझ्या टेबलाचा खण दुरुस्त केला. दांडी चौथ्या दिवशी आईच्या पायावर पडली. फळी पडली नाही, कारण तिच्याखाली फ्रिज होता. खण बंद झाला तो बंदच राहिला. "अहो, राहू द्या आता" एवढं म्हणायला आईला काही अवघड नव्हतं. पण तसं म्हटलं तर माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल, हे आम्हा दोघींना न बोलता कळत होतं.

शेवटी आईने कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला. दुकानावर "घरातली छोटी-मोठी सर्व कामे" अशी पाटी आहे.

"काय काम आहे?" तिकडच्या बाईंनी विचारलं.

"काम झालेलं आहे," आई म्हणाली. "ते परत करायचंय. पण परत केलेलं दिसता कामा नये."

"हे नळकामात लिहू की सुतारकामात?"

"दोन्हीत लिहा."

मिस्त्री आले ते पाच वाजून दहा मिनिटांनी. बाबा पाचला फिरायला जातात आणि सहा दहाला परततात. त्यात कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक पडलेला नाही. मिस्त्री पंचेचाळिशीचे, उंच, दारातून वाकून आत येणारे. टॉवेलच्या दांडीपुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"हे कोणी केलंय?"

"आमच्या यांनी."

"काय करायचे साहेब?"

"दुसऱ्यांची कामं तपासायचे."

"तरीच," मिस्त्री म्हणाले. मग आईने अट सांगितली. ती ऐकून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "ताई, मी वाकडं काम करत नाही."

"सरळच करा. वरून वाकडं दिसू द्या."

"आणि पडलं नाही पाहिजे?"

"पडलं नाही पाहिजे."

"म्हणजे दुप्पट काम," असं म्हणत त्यांनी ड्रिल बाहेर काढलं.

मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून नोकरीची वाट बघत घरी होते. म्हणजे घरात बाबांच्या खालोखाल रिकामी मीच. मी कोनमापक घेऊन बाबांच्या कामांची पाहणी केली आणि मिस्त्रींना एक कागद दिला: स्क्रू सरासरी सात अंश डावीकडे झुकलेला, टेप गरजेच्या चौपट, व्हाईट सिमेंट लावल्यावर उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा एक ठसा. खाली प्रत्येक वस्तूपुढे स्क्रूंची संख्या.

मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला. "हे कॉलेजात शिकवतात?"

"पद्धत शिकवतात."

"चला, फी वाया गेली नाही."

बाबा नवनवी कामं काढत राहिले आणि ते फिरायला गेले की मिस्त्री ती परत करायला येत राहिले. ते भिंतीत नीट भोक पाडायचे, त्यात प्लॅस्टिकची हिरवी गिट्टी ठोकायचे, स्क्रू त्या गिट्टीत पक्का बसवायचे आणि मग त्याच्या डोक्याखाली वायसरचा एक तुकडा सरकवून ते डोकं तिरपं दिसेल असं करायचे. "आत गिट्टी, बाहेर साहेब," असं ते म्हणायचे. आई शेजारी टॉर्च धरून उभी असायची. "अजून थोडं घाणेरडं करा," ती सांगायची. "होत नाही हो ताई हाताकडून," मिस्त्री म्हणायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचे. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना कागद लागेनासा झाला.

पाच आठवडे घरात काही पडलं नाही, गळलं नाही, अडकलं नाही. बाबा जेवताना टॉवेलच्या दांडीचा विषय काढायचे. "अजून आहे," ते म्हणायचे. "आहे तर," आई म्हणायची आणि वाढायची.

सहाव्या आठवड्यात बाबा गप्प झाले. स्कूटरची किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली ती पुन्हा काढली नाही. एके दुपारी आई झोपलेली असताना त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

"तुझी शास्त्राची बाजू आहे म्हणून विचारतो. आईला सांगू नकोस."

त्यांच्या हातात लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. अशाच वहीत ते दुकानांच्या नोंदी ठेवायचे. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. "सिंकखालचं कपाट, बिजागरी. स्क्रू दोन लावले. तिसरा मोरीच्या जाळीतून गेला. तसंच ठेवलं." त्याखाली सहा दिवसांनंतरची नोंद होती: "स्क्रू तीन."

"मी लावला असणार," बाबा म्हणाले. "घरात दुसरं कोण लावणार? पण मला आठवत नाही. जरासुद्धा नाही. नळाला मी लाल वायसर घातला होता, उघडून बघितलं तर काळा. फळीला खिळे होते, त्यांचे स्क्रू झालेत."

आम्ही सगळ्या गोष्टींची काळजी घेतली होती. एवढंच लक्षात आलं नव्हतं की निरीक्षक स्वतःचं कामसुद्धा उघडून तपासतो.

"अशी सतरा ठिकाणं आहेत," ते म्हणाले. एखाद्या दुकानदाराला तुझा तराजू इतके ग्रॅम खोटा आहे असं सांगावं, त्याच आवाजात ते बोलत होते.

मी त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "एकूण कामं किती?"

"एकवीस."

"म्हणजे एक्याऐंशी टक्के."

"हो, तेवढेच येतात," बाबा म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढून दाखवला. त्यावर त्यांचं नाव, घराचा पत्ता आणि आईचा फोन नंबर होता, सुवाच्य अक्षरात. "फिरायला जाताना जवळ ठेवतो. गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नक्की काय ते कळलं की तुझ्या आईला एकदाच सांगू. आधीपासून कशाला घाबरवायचं?"

मी आत जाऊन आईला उठवलं.

आईने सगळं ऐकलं. "म्हणजे मी त्यांना वेडं ठरवलं," ती म्हणाली.

"वेडं नाही. पण पुरावा तसा तयार केला."

"तू गप्प बस," ती म्हणाली. तोंडावर पाणी मारून ती गॅलरीत गेली आणि बाबांना सरळ सांगितलं, की ती सगळी कामं मिस्त्रींकडून करून घेतली आहेत.

बाबांनी तिचा हात हातात घेतला. असं मी पहिल्यांदाच पाहत होते. "तू माझी समजूत काढते आहेस," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तुला सांगू नकोस म्हटलं होतं ना."

मीही शपथेवर सांगितलं. कागदाचं, कोनमापकाचं, सगळं. त्याचा उलटाच परिणाम झाला. आमच्या दोघींचं जितकं जुळत गेलं तितका त्यांचा विश्वास उडत गेला. दुकानदार आणि त्याचा नोकर अगदी शब्दाला शब्द सारखं बोलायला लागले की बाबा तराजू जप्त करायचे. "तुम्ही दोघी फार चांगल्या आहात," ते म्हणाले आणि आत जाऊन पडून राहिले.

आईने फोन लावला. "मिस्त्रींना उद्या पाठवा, पण पाचच्या आधी. काम काही नाही. त्यांनी केलेल्या कामाची ओळख पटवायची आहे."

"हे कशात लिहू?" तिकडच्या बाईंनी विचारलं.

"किरकोळ."

बुधवारी पावणेपाचला मिस्त्री आले तेव्हा बाबांनी एक बूट घातला होता.

"साहेब, ती बिजागरी माझी आहे," मिस्त्री दारातूनच म्हणाले.

"कशावरून?"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. "टॉवेलच्या दांडीच्या आत दोन हिरव्या गिट्ट्या आहेत. उजवीकडची अर्धी कापलेली आहे, कारण मागे लोखंड लागलं. हे या दोघींनासुद्धा माहीत नाही. काढून बघा."

बाबा एक बूट घालून बाथरूममध्ये गेले. दांडी काढायला त्यांना वीस मिनिटं लागली. इतका वेळ कधीच लागला नव्हता. एरवी ती आपोआप निघायची. शेवटी त्यांनी भिंतीतल्या भोकात टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग बाहेर येऊन वही उघडली, पेन काढलं आणि म्हणाले, "नोंद एक. नळ."

"माझा."

"दोन. फळी."

"माझी."

ते घरभर फिरले, बाबा पुढे, मिस्त्री मागे, त्यांच्या मागे आम्ही. बाबा प्रत्येक नोंदीपुढे खूण करत होते. कपाटाशी आल्यावर ते थांबले.

"मी स्क्रू दोन लावले होते. नक्कल करायची तर दोनच हवे होते."

"माहितीये. पोरीच्या कागदावरही दोनच होते."

"मग तिसरा का लावलात?"

"भोक होतं, साहेब."

"ते दिसतंय."

"मोकळं भोक ठेवून मला घरी जाता येत नाही," मिस्त्री म्हणाले. ते खाली मान घालून उभे होते. पाच आठवड्यांत त्यांना कशाची लाज वाटलेली मी पहिल्यांदाच बघितली. बाबांनी मान डोलावली आणि खूण केली.

तेरापर्यंत सगळ्या खुणा झाल्या. बाबांचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. गॅलरीत येऊन ते म्हणाले, "चौदा. कपड्यांच्या दोरीचा हुक. माझा लोंबकळत होता. आता घट्ट आहे."

मिस्त्री पुढे झाले, हुक बघितला, बोटाने दाबला.

"हे माझं नाही."

"नीट बघा."

"बघितलं. हे मी केलेलं नाही."

"मीही केलेलं नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी स्वतःला दुरुस्त केलं. "म्हणजे मला आठवत नाही."

बाबांनी पेन वहीवरून उचललं. "हो" म्हणा, असं मी मिस्त्रींना डोळ्यांनी सांगत होते. एका अक्षराचं काम होतं. पण ज्या माणसाला मोकळं भोक ठेवता येत नाही तो दुसऱ्याचा हुक आपला कसा म्हणेल? बाबांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला.

"ते मी केलं," आई म्हणाली.

सगळे वळले.

"दोरी सुटली, धुतलेले कपडे खाली पडले. सोमवार होता, मिस्त्रींची सुट्टी. तुम्ही फिरायला गेला होतात. मी तुमचं ड्रिल घेतलं."

"तू माझी समजूत..."

"आत आठ नंबरची गिट्टी आहे," आई म्हणाली. "हिरवीच. भोक किती खोल हवं त्याची खूण म्हणून ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळला होता. तो अजून तसाच आहे, पेटीत बघा. पाच आठवडे त्यांच्या शेजारी उभी आहे, थोडं तरी डोक्यात शिरणारच."

मी पेटी आणली. टेप होता, गरजेपुरता, दोनच वेढे. मिस्त्रींनी हुकाला दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला. हुक हलला नाही.

"ताई, किती वेळ लागला?"

"वरण शिजेपर्यंत."

मिस्त्रींनी हुकाकडे पुन्हा एकदा बघितलं.

उरलेल्या तिन्ही नोंदी मिस्त्रींच्याच निघाल्या. बाबांनी शेवटची खूण केली आणि वही मिटली.

"म्हणजे मी विसरत नाहीये."

"नाही," आई म्हणाली.

"मला फक्त जमत नाही."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे.

"अजिबात नाही, साहेब," मिस्त्री म्हणाले.

बाबांनी भिंतीला हात टेकला. पायात अजून एकच बूट होता. "मग ठीक आहे," ते म्हणाले. आईने पदराने डोळे टिपले आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

बाबांनी डॉक्टरांकडे फोन करून उद्याची वेळ रद्द केली. तिकडून कारण विचारलं असावं, आणि सरकारी कागदावर असो वा फोनवर, बाबा कारण कधीच खोटं देत नाहीत. "स्मरणशक्ती उत्तम आहे," ते म्हणाले. "हात खराब आहेत." मग थोडं ऐकून घेतलं. "नाही, हातांसाठी वेळ नको."

चहा घेताना मिस्त्रींची नजर सारखी खिडकीकडे जात होती. "एकवीसातली सतरा झाली," ते म्हणाले. "बाकीची चार?"

"ती पूर्णपणे माझी आहेत," बाबा म्हणाले. "ही त्यांतलीच एक, पडद्याची दांडी."

मिस्त्री कप ठेवून उठले. दांडीच्या दोन्ही टोकांकडे खालून बघितलं, हात लावला नाही. "पडेल."

"कधी?"

मिस्त्रींनी विचार केला. "शुक्रवारी. दुपारनंतर."

बाबांनी वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी तीन वाजून वीस मिनिटांनी दांडी पडद्यासकट खाली आली. बाबा अर्ध्या तासापासून समोर उभे होते, आईने खालची कुंडी आधीच हलवून ठेवली होती आणि ड्रिल हाताशी घेतलं होतं. बाबांनी आधी वेळ टिपली आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावला.

"मिस्त्रींना सांगा, त्यांचा अंदाज बरोबर आला," ते म्हणाले. "आणि विचारा, कशावरून काढला. नाही, काम नाही. काम घरात होतंय. मला कारण हवंय."