सातवा लागला

वर्षाराणीचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हा सगळ्या गावानं त्याच्या वजनाचं कौतुक केलं होतं. "पैलवान होता बाई, नजर लागली," असं येईल ती म्हणायची. नजर कसली डोंबलाची! पोटुशी असताना वर्षाराणीची साखर वाढली होती, अन् ती कुणी तपासलीच नव्हती.

म्हणून या खेपेला ती हट्टानं नवऱ्याला, आदिनाथला, घेऊन अंबाजोगाईला गेली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून बजावलं, "साखर आहे. गोड बंद, आणि जेवण झालं की चालायचं. चुकवलंत तर बाळाला धोका आहे."

घरी हे ऐकून सासू केसरबाईनं कपाळावर हात मारला. "एक लेकरू गेलं तेवढं बास न्हाई का? पलंगाखाली पाय ठिवू नको." सासरे आप्पा गावचे पुढारी. ते म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणाला साखर न्हाई. अन् आमची सून रिकामी रस्त्यानं हिंडती, असं लोकांनी म्हणावं का?" आदिनाथ मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला. त्या मेल्याला आईबापापुढं कधी वाचा फुटली होती!

मजुराची बाई दिवसभर पाय तोडत हिंडली तरी कुणी विचारत नाही. मोठ्या घरच्या सुनेला मात्र उंबरा ओलांडायला कारण लागतं. मग वर्षाराणीनंच डोकं चालवलं. "आत्या, मी नवस बोललेय," ती म्हणाली. "जेवण झालं की देवीला प्रदक्षिणा घालायच्या."

नवस म्हटल्यावर केसरबाई विरघळली. देऊळ घरामागंच होतं. वर्षाराणी दोन्ही वेळा जेवून निघायची अन् दम लागेस्तोवर फेऱ्या मारायची. बाया म्हणायच्या, लई देवभोळी पोरगी. पुढच्या तपासणीला साखर उतरलेली निघाली. परतताना जीपमध्ये तिनं मनातल्या मनात बाळाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. वेडी कुठली!

एका दुपारी ती चपला घालायला लागली तर केसरबाई दारात आडवी झाली. "सातवा लागला. गरवार बाई आता देवळाची पायरी चढत न्हाई."

"पण आत्या, नवस?"

"तुझ्या नावानं मी फेडते की."

अन् खरंच, गुडघे धरलेली ती म्हातारी रोज दोन्ही वेळा देवळाभोवती लंगडत फिरू लागली. सून पलंगावर बसून खिडकीतून बघायची. शेवटी तिला राहवलं नाही. "आत्या, नवस खोटा होता. मला साखरेसाठीच चालायचं होतं."

केसरबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नको माय, देवी कोपंल." त्या दिवसापासून तिनं फेऱ्या वाढवल्या.

गाडीत हिसके बसतील म्हणून तपासणीही बंद झाली. वर्षाराणी खोलीतल्या खोलीत भिंतीपासून पलंगापर्यंत चालून बघायची, पण पाऊल वाजलं की केसरबाई धावत यायची अन् तिचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसायची. एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं? डोहाळजेवणाला सासूनं स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरवली. पोटाचा घेर बघून बाया खूश झाल्या. वर्षाराणीनं घास तसाच गिळला, रडायचीही चोरी.

नववा लागला अन् एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. तेव्हा मात्र गाडी निघाली, हिसक्यांची पर्वा न करता.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं अन् मान हलवली. बाळाचे ठोके नव्हते. कळा सुरू करायची गोळी देऊन त्या केसरबाईला म्हणाल्या, "आता यांना चालवा. सुटका लवकर होईल."

दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी भरला होता. केसरबाईनं सुनेचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागल्या. लोक बाजूला सरकून वाट देत होते. आप्पा खाली मान घालून बाकावर बसले होते.

"आत्या," वर्षाराणी म्हणाली, "तुमचे गुडघे दुखत असतील. बसा तुम्ही."

"न्हाई बसत," केसरबाई रडत म्हणाली. "चाल माय, चाल."