नाथाच्या पानातलं मीठ

शरणच जायचं होतं, तर नाथानं दाढी कशाला केली, हे बायजाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सेहेचाळीस सालचा फेब्रुवारी. ठाण्याच्या खाडीकाठी आरमाराची एक छावणी होती आणि तिथल्या देशी खलाशांनी गोऱ्या साहेबांविरुद्ध बंड केलेलं. पुढारी चार, त्यातला एक बायजाचा थोरला, नाथा. मिठागरावर राबणाऱ्या बाईचा पोरगा टेबलावर चढून भाषणं ठोकत होता. तिचा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोला!

पहिल्याच सकाळी चौघे पुढारी तिच्या अंगणात आले. बरोबर शेजारच्या गोदाचा नवरा रघु होता, छावणीच्या भटारखान्यात भाकऱ्या भाजणारा. माडावर चढण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, म्हणून साहेबाचा झेंडा उतरवायला नाथानं त्यालाच निवडलं. पुढाऱ्यांचं बरं असतं, खांबावर दुसऱ्यानं चढायचं आणि खालून घोषणा यांनी द्यायच्या.

मिठागरावरची रीत अशी, की जोखमीचं काम मिळून अंगावर घेताना जिभेवर नव्या मिठाची चिमूट ठेवून बोलायचं. तो शब्द मोडणारा मिठाला मुकतो. बायजानं स्वतःच्या हातानं पाचही जणांच्या जिभेवर मीठ ठेवलं.

नाथा म्हणाला, "झेंडा कोनी उतरवला, त्याचा नाव मरलो तरी सांगनार नाय."

 रघु मीठ गिळून झेंडा उतरवायला गेला आणि उतरवून परत भाकऱ्या भाजायला बसला.

खलाशांनी छावणीचं अन्न सोडलं होतं. चार दिवस गावच्या बायका तारेच्या कुंपणातून भाकरी आणि सुकट पोचवत होत्या. पाचव्या दिवशी गोऱ्या सोजिरांच्या लॉऱ्या आल्या. एक गोळी सुटली नाही, कोणाला साधं खरचटलं नाही, तोच चौघे बाहेर आले. गुळगुळीत दाढ्या, कडक इस्त्रीचे कपडे आणि काठीला साहेबाच्याच टेबलावरची पांढरी चादर. चार दिवस मरणाच्या गप्पा मारणाऱ्यांना इस्त्री तापवायला बरा वेळ मिळाला!

गोऱ्या अधिकाऱ्यानं एवढंच विचारलं, झेंडा उतरवणारा कोण? नाव मिळालं नाही तर चौघांनाही लष्करी कोर्टात उभं करीन.

भाषणात नाचायचा तोच हात नाथानं उचलला आणि भटारखान्याच्या दाराकडे केला. दारात रघु उभा होता. त्यानं पिठाचे हात धोतराला पुसले आणि आपण होऊन पुढे आला.

कुंपणापलीकडून बायजा ओरडली, "मेल्या, जिभंवर मीठ होता ना तुज्या!"

ही बाई काय म्हणते, असं अधिकाऱ्यानं विचारलं. नाथानं इंग्रजीत सांगितलं, आई आहे, काळजी करते. तिथल्या देशी शिपायानं हे नंतर गावात सांगितलं, तेव्हा बायजा थुंकली.

रघुला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. नाथाची नोकरी गेली, पण लष्करी कोर्ट टळलं आणि तीन महिन्यांच्या कैदेनंतर तो सुटला. वाटेत कल्याणला कोणा उत्साही मंडळींनी त्याचा सत्कारही केला. भर दुपारी तो हार गळ्यात घेऊनच घरी आला आणि पाटावर बसला.

बायजानं भात वाढला, वर मासळीचं कालवण ओतलं. पहिला घास घेऊन नाथानं तोंड वाकडं केलं.

"आये, मीठ नाय."

दारासमोर पुरुषभर उंचीची मिठाची रास उन्हात लखलखत होती.

"हाय ना," बायजा म्हणाली. "तो गोदाच्या घरचा, माज्या घरचा. तुजा संपला."

नाथानं राशीकडे पाहिलं, मग आईकडे. आता हा ताट भिरकावेल, आईमाई काढेल, निदान लाजेनं उठून तरी जाईल, म्हणून बायजा वाट पाहत राहिली. तसं काही केलं असतं, तर कदाचित तिनं मिठाचं मडकं पुढे सरकवलंही असतं. पोटचा होता.

नाथानं मान खाली घातली, तसाच आळणी भात संपवला आणि वर आणखी मागितला.