डावरा

मित्रांनो, शेणव्याच्या कमळूचं लग्न झालं ते साल १९५८. त्याच साली किन्हवलीच्या चांगो लोहारानं मला घडवलं. मी एक जुना विळा आहे, पण उलटा. कमळूची बायको भागी डावखुरी, म्हणून माझी धार दुसऱ्या अंगाला लावलेली. घरात सगळे मला 'डावरा' म्हणत. भातकापणीला आम्ही दोघं पुढं, बाकीचे मागं!

पुढं भागीला फेफरं येऊ लागलं. एकदा ती बांधावरच पडली. मी तिच्या गळ्यापासून बोटभर लांब. १९६३च्या उन्हाळ्यात कमळूनं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झटके मेंदूच्या उजव्या भागातून उठतात. तेवढं काढता येईल. पण बोलणं तिथंच असलं तर ही मुकी होईल. बहुतेकांचं डावीकडं असतं, डावखुऱ्यांचा भरवसा नाही. आधी उजवा भाग थोडा वेळ निजवून बघू."

तेव्हा चित्रं दाखवून नावं विचारायची होती, पण त्यांतला पियानो भागीला कुठला ओळखू येणार! म्हणून कमळूनं मला फडक्यात गुंडाळून आणलं. काय माझी ऐट!

मानेतल्या शिरेत औषध गेलं. भागीचा डावा हात ओल्या पेंढ्यासारखा खाली पडला. बाईंनी मला वर धरलं.

"हे काय?"

"डावरा."

"हात कुठला ते नाही विचारत. हे काय?"

"डावरा!"

बाईंचा चेहरा उतरला. "शब्द चुकतोय. नको ऑपरेशन."

दारातून कमळू ओरडला, "आवो बाय, चुकली नाय ती! इळ्याचं नावच डावरा हाय!"

"आणि हा कोण?" बाईंनी त्याच्याकडं बोट केलं.

"तो? बडबड्या," भागी जड जिभेनं म्हणाली. "भायेर काढा गो त्याला."

सगळे हसले. माझं पातं तर लखलखलं! दुसऱ्या दिवशी डावा भाग निजवला, तेव्हा मला पाहून तिला एक शब्द फुटेना. मी घाबरलो, बाई मात्र आनंदल्या. बोलणं डावीकडंच होतं.

ऑपरेशन झालं. नंतर पाच कापण्या आम्ही केल्या, एकही झटका नाही.

आता मी कुडात खोचलेला, गंजतो आहे. उजव्या हाताला मी चालत नाही. पण भागीची धाकटी लेक डाव्या हातानं जेवते, आणि घरचे तिच्या हातावर मारतात. मित्रांनो, मारू नका. मला तेलाचं बोट लावा आणि तिच्या हातात द्या.

भागी १९६८च्या चैत्रात तापानं वारली. त्या सकाळी तिनं विचारलं होतं, "डावरा कुठं हाय?"