शाळेत पाहुणे आलेत

अझरूच्या डोंगरावर देवदार पांढरे झाले आणि पहिला निरोप आला. निरोप घेऊन शाळेच्या मोठ्या बाई, लल्ला सुआद, स्वतःच दारात उभ्या. बहिजा गालिच्याचा माग सोडून उठली, पुदिन्याचा चहा ठेवला.

"उद्या तपासणीचे साहेब यायचेत गं. तुझ्या इत्तोला घरीच ठेव. मध्येच टाळ्या पिटते, किंचाळते. उगाच नजरेत यायला नको."

"नाव तर राहील ना पटावर, लल्ला?"

"वेडी का तू? माझा शब्द आहे. बायाबायांत कागद कशाला?"

तीन शाळांनी इत्तोला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं होतं. या शाळेनं बाक दिला. आठ वर्षांची पोर, जीभ जड, हात त्याहून जड. पण पाटीवर एक अक्षर उमटू लागलं होतं. शब्द देणाऱ्या बाईकडे कागद मागणं म्हणजे तिच्या पुढ्यातला चहा जमिनीवर ओतून देणं. बहिजानं मांडलेल्या चहासोबत पदर सुटलेल्या रोट्याही फडक्यात बांधून दिल्या.

मग पालकसभा आली, परीक्षा आली, सहल आली. कधी एक दिवस, कधी अख्खा आठवडा. दरवेळी निरोप, दरवेळी रोट्या. इत्तो पाठीला दप्तर लावून दारात बसे.

"शाळेत पाहुणे आलेत, सोन्या. आज घरी."

लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन इत्तो पाहुणे जायची वाट बघे.

बर्फ वितळलं तसा शाळेचा कागद आला. बहिजाला अक्षर येत नव्हतं. दुकानदार हम्मूकाकांनी वाचला, आणि वाचून मान खाली घातली. 'एकवीस दिवस विनापरवानगी गैरहजर. नाव कमी केले आहे.'

ती तशीच शाळेत गेली. "तुम्हीच सांगितलं होतंत, लल्ला!"

"मी? तसा काही कागद आहे तुझ्याकडे?"

"तुमचा शब्द होता."

"बाकीच्या आया रोज माझं डोकं खातात, बाई. मी कुणाकुणाला तोंड देऊ?" मोठ्या बाईंनी कपाट उघडलं. धुतलेली, घडी घातलेली फडकी तिच्या हातात ठेवली. "ही तुझी राहिली होती. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी इत्तो दप्तर लावून दारात बसली.

"पा... हु... णे गे... ले?"

बहिजानं मागावरचा धागा ओढला.

"नाही गं. ते राहायलाच आलेत."

इत्तोनं दप्तर काढलं नाही.