जाळीपलीकडची पेटी

"काका, कागदावर आरोग्य खात्याचा शिक्काच नाही. पेटी सोडता येत नाही," विमानतळाच्या मालगोदामातला कारकून म्हणाला.

पांढरी पेटी जाळीच्या पलीकडेच होती. सव्वीस वर्षं रुग्णालयाचं औषधभांडार सांभाळणाऱ्या स्टोअरकीपरने जाळी दोन्ही हातांनी धरली. साधी सुई मागितली तरी तो अर्ज लिहायला लावायचा. सगळे त्याला 'अर्जकाका' म्हणत.

"अहो, घटसर्पावरचं औषध आहे ते! माझी सून रुग्णालयात आहे. श्वास घेववत नाही तिला."

"कळतंय हो. पण साहेबांशिवाय सोडलं तर माझी नोकरी जाईल."

स्टोअरकीपरने जाळी सोडली. हेच वाक्य आजवर त्याने कितीजणांना ऐकवलं होतं!

सून विमानं झाडायची. गेल्या आठवड्यात परदेशाहून आलेल्या एका आजारी बाईला तिने आधार देऊन खाली उतरवलं होतं. रोग सहा तासांत समुद्र ओलांडून आला. औषध बनवणारे कारखाने मात्र जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फायदा नाही म्हणून बाकीच्यांनी केव्हाच हात झटकले होते. पेटी तीन विमानतळांवर रखडत आज, पाचव्या दिवशी, पोचली होती.

मुलाचा फोन आला. "बाबा, कुठवर आलात?"

"निघालोच रे."

शिक्का दुपारी अडीचला मिळाला. पेटी मांडीवर घेऊन तो रुग्णवाहिकेत बसला. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

वॉर्डाबाहेर मुलगा जमिनीवर बसला होता. त्याने पेटीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"आता कशाला आणलीत, बाबा? गेली ती."

पेटी फरशीवर आपटावी, असं वाटलं स्टोअरकीपरला. तेवढ्यात नर्स धावत आली. "काका, आली? आत अजून तिघं आहेत."

त्याने सील तोडलं. आतला तापमानाचा काटा दिसेना. डोळे पुसून पुन्हा पाहिला.

"थंड आहे. चालेल. घ्या."

बाकावरची एक बाई उठून जवळ आली. "माझ्या पोरीचं औषध आलं का हो?"

"आलं, बाई. तुमच्या पोरीचंच आहे."

दार बंद झालं. मग तो भिंतीला धरत धरत मुलाशेजारी खाली बसला.