पाहिले तेवढेच

"अबे, बाप आलाच नाही त्या लग्नाले! पोरगी 'बाबा आले का, बाबा आले का' म्हनत राह्यली, सनई वाजली अन् पिच्चर खतम. हा काय शेवट झाला?"

नागसेनने असे म्हणताच समोर बसलेल्या धर्मपालचा चेहरा उजळला. प्रतिपक्षाची अशी ढोबळ चूक वर्षातून एखाद्या वेळीच हाती लागते. त्याने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे विचारले, "आला नाही? नक्की?"

"नक्की म्हंजे? मी काय झोपलो होतो?"

मूर्तिजापूर स्थानकाबाहेरच्या त्या हॉटेलातला हा वाद बावीस वर्षांचा होता. धर्मपाल अमरावतीचा, राजापेठेत राहणारा. न्यायालयात साक्षीदारांच्या जबान्या टंकण्यात त्याची तीस वर्षे गेली होती. नागसेन अकोल्याचा, कापसाचा ग्रेडर. चिमटीतला तंतू उजेडाकडे धरून त्याची लांबी बिनचूक सांगणारा. वसतिगृहातल्या एका खोलीत दोघांची मैत्री जमली आणि पुढे पोटापाण्याने ती दोन गावांत वाटली गेली. मुले हाताशी आल्यावर थोडी सवड झाली, तेव्हा त्यांनी एक रीत घालून घेतली. शुक्रवारी दोघांनी आपापल्या गावी एकच चित्रपट पाहायचा, फोनवर त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, आणि रविवारी दोन्ही गावांच्या मधोमध असलेल्या या गावी येऊन कडाडून भांडायचे. बावीस वर्षांत एकानेही दुसऱ्याचे म्हणणे सहजासहजी मान्य केलेले नव्हते.

"बाप आला," धर्मपाल म्हणाला. "मांडवाबाहेर भोंग्याच्या खांबाला टेकून उभा आहे. पायात चप्पल नाही. चांगला मिनिटभर दाखवला. बोलत नाही, एवढंच."

"बोलत नाही ना? मंग आला काय अन् नाही आला काय."

"मुद्दा बदलू नको. तू म्हणाला, आला नाही."

"असन आला. माह्या ध्यानातून सुटलं."

पण उलटतपासणीचे वारे अंगात शिरले की धर्मपालला आवरणे कठीण. "सुटलं कसं? सारा पडदा रिकामा, मधात तो एकटा माणूस. मागच्या महिन्यात तो भुताचा सिनेमा. भुताच्या तोंडाला पिठासारखा रंग फासलेला, सारं थेटर हसत होतं, अन् तू मले सांगतो की भेव वाटलं! त्याच्या आधी ती मारामारी. वीस लाखाची एक एक गाडी उडवली त्यानं, अन् तुह्यं मत काय? नुस्ता गोंगाट. अन् ज्या विनोदी सिनेमात माणसं एका जागी बसून फक्त बोलत होती, तो तुले वर्षातला सर्वांत चांगला वाटला! काहून?"

प्रश्न विचारून झाला, आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्यालाच आधी सुचले. भुताची किंकाळी, गाड्यांचा गोंगाट, विनोदी संवाद. वर्षभराची सगळी मते कानांची होती.

नागसेन त्याच्याकडे तोंड करून बसला होता. पण त्याची नजर धर्मपालच्या कानाच्या जरा पलीकडे, भिंतीवर टेकलेली होती. आज सकाळपासून ती तिथेच होती, हेही धर्मपालच्या आत्ता लक्षात आले.

"किती दिवस झाले?" त्याने विचारले.

"दीड वर्ष." नागसेनने खिशातून रुमाल काढला आणि कारण नसताना तोंड पुसले. "मधलं गेलं. कडेकडेनं दिसते. रस्ता दिसते, गाडी दिसते, फलाट दिसते. जे पाह्याले जावं, तेवढंच नाही दिसत. तुह्या डोक्याभोवतीचं हॉटेल दिसून राह्यलं मले, तू नाही. डाक्टर म्हनते, डाग अजून पसरन."

"अन् तू मले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू हारला असता."

"म्हणजे?"

"मुद्दाम हारला असता, लेका. मी काही बी म्हनलं तरी 'बरोबर आहे नागसेन, बरोबर आहे' करत बसला असता. घरी ज्योत्स्ना तेच करते. पोरं तेच करतात. भाजी खारट झाली म्हनलं तरी हो, अळणी झाली म्हनलं तरी हो. माह्याशी भांडनारा या जगात तू एकटा उरला होता." तो उठला. "चाल. पुढच्या रविवारापासून येत नाही मी. न पाह्यलेल्या पिच्चरवर मत देनं म्हंजे खोटी साक्षच ना."

पुढच्या शुक्रवारी दुपारी धर्मपाल अकोल्यात नागसेनच्या दारात उभा राहिला. ज्योत्स्नावहिनींनी दार उघडले, त्याच्या हातातली दोन तिकिटे पाहिली आणि काही न विचारता नवऱ्याच्या चपला पुढे आणून ठेवल्या. नागसेनने आधी ठाम नकार दिला, मग चित्रपट कशाचा आहे ते विचारले. खुनाचा तपास आहे हे ऐकल्यावर म्हणाला, "चाल. पन मले कीव करून दाखवू नको."

दोघे मागच्या ओळीतल्या कोपऱ्यात बसले. चित्रपट सुरू झाला तसा धर्मपाल त्याच्या कानाशी वाकून सांगू लागला.

"मोठं घर आहे. श्रीमंतीचा नुसता भपका केलाय. आता बाई आली. अभिनय बेताचा. दिसायला मोठी अपराधी दिसते."

"अपराधी दिसते, हे कोनी ठरवलं?"

"दिसतंच आहे ना!"

"तुले दिसते. मले तुह्यं मत नको, बे. मले बाई पाह्यजे."

धर्मपालने पुन्हा प्रयत्न केला. "बाई खोटं खोटं रडते."

"तीस वर्षं कोर्टात काय टंकलं तू? साक्षीदार म्हने, 'साहेब, तो मानूस बदमाश होता,' तर तुमी ते लिहून घ्यायचे का?"

"नाही. जे पाहिलं तेवढंच सांग, असं साहेब म्हणत."

"मंग मी साहेब आहो असं समज."

पुढच्या ओळीतला एक माणूस मागे वळला. "ओ काका, आमाले पिच्चर पाहू देता का?"

"पाह्य ना बाबा," नागसेन म्हणाला. "तुले कोनी अडवलं? तुह्ये तर दोन्ही डोळे शाबूत हायेत."

धर्मपाल पुन्हा पडद्याकडे वळला. साऱ्या जन्मात त्याने एकही चित्रपट मताशिवाय पाहिला नव्हता. दृश्य डोळ्यांत शिरायच्या आधी त्याचा निकाल तयार असे. आता त्याला एकेक विशेषण जिभेवरून मागे ओढावे लागत होते. अखेर तो अगदी हळू म्हणाला, "बाई खिडकीजवळ उभी आहे. मान खाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. सोडते. पुन्हा गुंडाळते."

नागसेनचे अंग सैल पडले. तो खुर्चीत मागे टेकला. "हं. पुढं?"

"पोलीस आला. टोपी काखेत आहे. बाईकडे पाहत नाही. टेबलावरच्या दोन कपांकडे पाहतो."

"दोन कप?"

"दोन. एक भरलेला."

"हं," नागसेन म्हणाला, आणि अंधारात स्वतःशीच हसला.

अडीच तास असेच चालले. धर्मपालचा घसा बसला. शेवटी त्या बाईनेच नवऱ्याला विष देऊन मारले होते असे निघाले, दिवे लागले, आणि माणसे उठून बाहेर पडू लागली. दोघे सर्वांत शेवटी निघाले. दाराबाहेर उतरता जिना होता. पायऱ्या उंच होत्या आणि उन्हाची तिरीप त्यांवर आडवी पडली होती.

"भंपक शेवट," नागसेन म्हणाला. "त्या बाईनं काही केलं नव्हतं. भेलेली होती ती. खून करनारी बाई पाहुन्यासाठी कप भरून ठेवत नाही. पिच्चरवाल्यानं शेवटी उगाच तिच्या गळ्यात मारलं."

धर्मपालला ते मुळीच पटले नव्हते. विषाची सूचना चित्रपटात तीन ठिकाणी होती, आणि तिन्ही ठिकाणे त्याने स्वतः शब्द न शब्द सांगितली होती. त्याने नागसेनकडे पाहिले. जिन्याच्या कडेला उभा राहून तो उजव्या पायाच्या अंगठ्याने पहिली पायरी चाचपत होता.

"बरोबर आहे तुह्यं," धर्मपाल म्हणाला.

नागसेनचा पाय थांबला. "काय म्हनला?"

"म्हटलं, बरोबर आहे."

"धर्मा, खरं सांग. पटलं म्हनून बरोबर, का मी आंधळा झालो म्हनून बरोबर?"

खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. नागसेन पायरीवर पाय न टाकता तसाच उभा राहिला, आणि धर्मपालला कळले की उत्तर मिळेपर्यंत हा माणूस खाली उतरणार नाही.

"साफ चूक आहे तुह्यं," तो बसलेल्या घशाने म्हणाला. "एकदम चूक. तो भरलेला कप पाहुण्यासाठी नव्हताच, नवरा संगं चहाले बसला होता असं दाखवाले ठेवला होता तिनं. तिचा नवरा चहा पीत नव्हता, हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं होतं मी तुले. ऐकत नाही, अन् मत देत सुटतो!"

"अबे, नवरा चहा पीत नाही म्हंजे घरात कोनीच पीत नाही का?"

"तसं मी म्हटलं का?"

"मंग काय म्हनला? सांग ना, नीट सांग."

असे म्हणत नागसेनने आपला हात धर्मपालच्या खांद्यावर ठेवला. वाद ऐन रंगात आला की माणूस मुद्दा ठसवण्यासाठी समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तसा. धर्मपाल मोठ्याने भांडत एकेक पायरी उतरू लागला. पाहणाऱ्या कोणालाही दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले आहेत असेच वाटले असते. तो हात मात्र शेवटच्या पायरीपर्यंत खांद्यावरून उचलला गेला नाही.