मिशी विरुद्ध मोटरसायकल

पैज लागली ती दाजींच्या एका ‘हो’मुळे, आणि दाजींचं ‘हो’ त्या दिवसांत फुकट मिळत होतं.

दाजी म्हणजे गल्लीतले फ्रिज दुरुस्त करणारे. खरं तर ते एकट्या मिशाचे दाजी. मिशा म्हणजे समोरचा सलूनवाला; त्याची थोरली बहीण यांची बायको. पण तो दिवसभर दुकानातून “ओ दाजी, ओ दाजी” असा केकाटायचा, त्यामुळे बघता बघता ते अख्ख्या गल्लीचे दाजी होऊन बसले. बेकरीवाली काकू त्यांच्याहून वयानं मोठी, तरी तीही दाजीच म्हणायची.

बायको गेली, आणि दाजी कशालाही हो म्हणायला लागले. चहा घेणार? हो. मग चहावर साय धरली तरी कप तसाच. बरं आहे ना? हो. टेलरमास्तरांनी एकदा मुद्दाम विचारलं, “दाजी, पँटीला तिसरा पाय लावू का?” तर हो. रडले नाहीत, चिडले नाहीत, कामात कुठे चूक नाही. दार उघडलं की दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर काही चालू होत नाही, असा फ्रिज असतो ना, तसं चाललं होतं.

त्या संध्याकाळी सलूनसमोरच्या बाकावर सगळी मंडळी बसली होती. भिंतीवर कुणीतरी एक कागद चिकटवून गेलं होतं आणि मिशा तो गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून मोठ्यानं वाचत होता.

“जुन्या स्पोर्ट्स बाइकची हौशी शर्यत! गाडी जुनीच पाहिजे, चालवणारा कसाही चालेल. दाजी, लग्नाआधी काय गाडी पळवायचात तुम्ही! उतरणार का?”

“हो.”

बाक हसला. मिशा मात्र तापला. गेले कित्येक महिने तो हे ‘हो’ ऐकत होता.

“हो काय, हो? फ्रिजचा गॅस भरायचाय का? ऐका सगळ्यांनी. दाजींनी ही शर्यत शेवटपर्यंत पुरी केली, तर ही मिशी मी इथं, या बाकावर, सगळ्यांसमोर काढीन!”

बाक सावरून बसला. ती मिशी म्हणजे दुकानाची पाटी होती. बहिणीच्या लग्नात वरातीपुढे नाचला तेव्हाही ती होती. त्याच्या स्वतःच्या बायकोनं त्याचा वरचा ओठ कधी पाहिला नव्हता.

“आणि हरले तर?” काकूनं विचारलं.

“हरले तर वर्षभर दर रविवारी माझ्या घरी जेवायला. नुसतं गिळायचं नाही, बोलायचं पण!” मिशाचा आवाज जरा उतरला. बहीण गेल्यापासून दाजी त्याच्या घराचा जिना चढले नव्हते. “मंजूर?”

“हो.”

“ताई असती तर हसून हसून लोळली असती,” काकू म्हणाली.

दाजींना आठवलं. हसताना तिच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा आधी वर जायचा, मग बाकीचं हसू यायचं. हे त्यांना आठवलं, पण एखाद्या फ्रिजचा मॉडेल नंबर आठवावा तसं. मग ते घरी गेले.

गाडी शोधायला मिशा बरोबर होताच. पैज विरुद्ध लावली म्हणून काय झालं, मजा कोण सोडतो? पहिलीच गाडी बघून तो वेडा झाला. लालभडक, चकचकीत, मालकानं कापड असं ओढलं की जणू नवरीचा घुंगट.

“दाजी, घ्या! डोळे मिटून घ्या!”

दाजींनी इंजिनवर तळवा ठेवला. फ्रिजवाल्याचा हात, गार काय, गरम काय, त्याला सांगावं लागत नाही.

“सकाळी चालवली?”

“छे हो, आठवडाभर झाकलेली आहे.”

“गरम आहे.”

मालक छताकडे बघायला लागला. गार असताना सुरू व्हायला कटकट करते, म्हणून आधीच तापवून ठेवलेली. दाजी खाली वाकले. हँडल पुरतं वळलं की ते जिथे टेकतं तो लोखंडी अडथळा चेपलेला, आणि त्यावर नवा रंग. म्हणजे जोरात आपटलेली. दाजी उठले आणि चालायला लागले.

“रंग तरी काय होता!” मिशा वाटभर हळहळत राहिला.

“हो,” दाजी म्हणाले. त्यांना रंग दिसला होता. त्याचं करायचं काय, ते कळलं नव्हतं. जुनी गाडी घेताना माणसाचं मन आधी जातं आणि अक्कल मागून पोचते. दाजींचं मन जागेवरून हललंच नाही, म्हणून फसायचा प्रश्न नव्हता.

दुसरी गाडी एका ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरच्या शेडमध्ये होती. सीट फाटलेली, बाजूचं प्लॅस्टिक चिकटपट्टीनं धरून ठेवलेलं. रंग कुठला ते विचारू नका.

“पडलीय,” ड्रायव्हर आपणहून म्हणाला, “पण उभ्या जागी. स्टँडवरून.”

इंजिन दगडासारखं गार. तरी दुसऱ्या फटक्यात सुरू झालं. दाजींनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून पाहिली; दोन्ही चाकं एका रेषेत. हँडलचा अडथळा जसाच्या तसा. पुढच्या फोर्कवर तेलाचा थेंब नाही.

“आवडली?” मिशानं नाक मुरडत विचारलं.

“सरळ आहे,” दाजी म्हणाले.

गाडी आली ती थेट बाहेरच्या खोलीत. जेवायचं टेबल भिंतीला सरकलं. तसंही त्यावर आता कुणी जेवत नव्हतं. आरसे काढले, दिवे काढले, इंडिकेटर, हॉर्न, स्टँड, सगळं काढून खोक्यात भरलं.

“अहो, मग उरलं काय?” काकू दारातून म्हणाली.

“पळायचं उरलं!” मिशा म्हणाला.

रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरतो. ऑइलच्या बोल्टला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवून पिळली, म्हणजे बोल्ट सुटला तरी पडायचा नाही. ब्रेकचे पॅड नवे, तेल नवं, टायर नवे. हातांना सगळं येत होतं. हात करत होते आणि दाजी त्यांच्याकडे बघत होते, दुसऱ्या कुणाच्या दुकानात उभं राहिल्यासारखे. मध्ये एक दिवस ट्रॅकवाल्यांच्या शिकवणीलाही जाऊन आले, भाड्याच्या गाडीवर. शिकवणाऱ्यानं विचारलं, मजा आली? हो.

मिशा दुकान बंद करून यायचा आणि मधे मधे लुडबुडायचा. शेवटी दाजींनी त्याला हँडलच्या नव्या रबरी मुठी बसवायला दिल्या. मिशा दुकानातून हेअरस्प्रेचा डबा घेऊन आला.

“बघा आता! ओला असताना सुळकन आत जातं, वाळलं की गच्च. गिऱ्हाइकांच्या डोक्यावरची खानदानी विद्या आहे ही.” त्यानं फवारलं, दात खाऊन रबर आत रेटलं. “माझी मिशी उपटली जाईल, पण ही मूठ निघायची नाही!”

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी बेकरीच्या टेम्पोत चढवली. दाजींनी ॲक्सिलरेटरची मूठ सहज पिळली आणि सोडली. ती जिथे नेली तिथेच राहिली. मागे आली नाही. दाजींच्या लक्षात आलं. मनात आलं ते एवढंच, की बरं. मग त्यांनी दोरी बांधायला घेतली.

ट्रॅकवर गाड्या तपासायला एक जाडजूड बाई होत्या, हातात खडू. पास झाली की टाकीवर खूण. बाईंनी तार पाहिली, पाणी पाहिलं, मान डोलावली. मग मूठ पिळून सोडली. मूठ तिथेच.

“हे काय?” बाईंनी पुन्हा पिळली. “हात सोडला की ही आपोआप मागे आली पाहिजे, काका. नाहीतर तुम्ही वळणावर ब्रेक दाबत बसणार आणि गाडी आपली पळतेच आहे! बाजूला घ्या. नीट झाली तर आणा, नाहीतर घरी.”

“जिंकलो!” मिशा ओरडला, मिशीवर हात फिरवला. “माझ्याच हातची करामत बघा, दाजी! फार आत रेटली मी, घासतेय ती.” हसता हसता तो थांबला. “पण काल चढवताना तुम्ही पिळली होती की. मी बघितलं. तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं.”

“म्हणजे माहीत होतं?”

“हो.”

रोजचंच ‘हो’. चहाचं, तिसऱ्या पायाचं. मिशाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

“मग बोलला का नाहीत?”

दाजींनी उत्तर शोधलं. वायर तपासतात तसं एकेक टोक धरून पाहिलं. कुठेच करंट नव्हता.

“काही वाटलं नाही.”

“काही वाटलं नाही?” मिशाचा आवाज फाटला. “मूठ मी बसवली, दाजी! मी! तुमचं काही झालं असतं तर मी ताईला काय…” तो थांबला. ताईला सांगायचा प्रश्न नव्हता. त्यानं दाजींची बाही धरली. “चला. चला घरी. जिंकलो मी. मरू दे ती गाडी.”

दाजींनी त्या हाताकडे पाहिलं. उभ्या जन्मात हजार गळ्यांवरून वस्तरा फिरवलेला, कधी न चळलेला हात. तो थरथरत होता, आणि बाहीबरोबर दाजींचा हातही हलत होता.

“वस्तरा आहे?”

“काय?”

“खिशात असतो ना तुझ्या. रबराची आतली कड घासतेय. तेवढी काप.”

“मी नाही कापणार! जीव द्यायला मदत करू?”

“कापलीस तर मागे येईल. नीट झाल्याशिवाय बसत नाही मी.”

मिशानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “शब्द द्या. हो नको. हो मला पुरे झालं. शब्द.”

“शब्द,” दाजी म्हणाले.

मिशानं वस्तरा उघडला. गिऱ्हाइकाचे कल्ले मारावेत तशी गोल, पातळ कड कापून काढली. दाजींनी मूठ पिळली, सोडली. टक्. हँडल डावीकडे वळवून, टक्. उजवीकडे, टक्. नीट झाल्यावरही ते उगीच पिळत राहिले. टक्. बाईंनी खडूनं खूण केली.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. दाजी शेवटून सुटले आणि शेवटीच राहिले, पण शेवटपर्यंत राहिले. पहिलं वळण अंगावर आलं तेव्हा त्यांना काहीतरी वाटलं. काय ते ओळखायला पुढचं वळण यावं लागलं. भीती होती. त्यांनी हात सैल केला, मूठ टक् करून मागे आली, गाडी शहाण्यासारखी मंदावली. मग प्रत्येक वळणाला ते जरा आधीच हात सोडायला लागले. पहिला आलेला त्यांना एका फेरीनं मागे टाकून पुन्हा मागे टाकायच्या बेतात होता. कुंपणापाशी मिशा आणि काकू असे नाचत होते, की शेजारच्यांना वाटलं यांचाच माणूस पहिला आला.

हेल्मेट काढून दाजी म्हणाले, “भीती वाटली.”

“किती?” मिशानं विचारलं.

“बरीच.”

“वा!” मिशा म्हणाला आणि दुसरीकडे तोंड करून नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकाभोवती उभं राहायला जागा नव्हती. टेलरमास्तरांनी मिशाच्या गळ्याला कापड बांधलं, काकू पावाच्या परातीवर चमचा बडवत होती.

“स्वतःच्या हातानं नाही व्हायचं,” मिशा म्हणाला. “दाजी, तुम्ही. आणि ओठ शिल्लक ठेवा, संसार आहे मला.”

दाजींनी साबण लावला. ब्रश नाकाशी गेल्यावर मिशाला गुदगुल्या व्हायला लागल्या. “हलू नकोस,” दाजी म्हणाले आणि डावी बाजू काढली. खालची कातडी गोरी, कोवळी, कधी ऊन न पाहिलेली.

“अर्धी मिशी, अर्धे पैसे!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मिशानं हसू दाबायचा प्रयत्न केला. त्याच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा आधी वर गेला. मग बाकीचं हसू आलं.

दाजींचा हात हवेतच राहिला.

“काय झालं? कापलं का?” मिशानं विचारलं. “दाजी? अहो, लोक बघतायत. अर्ध्यात सोडू नका मला!”

परात थांबली. वस्तऱ्याच्या पात्यावरचा फेस त्यांच्या बुटावर पडला.

“रविवारी येतो जेवायला,” ते शेवटी म्हणाले.

“आं? अहो, तुम्ही जिंकलात! हरल्यावर यायचं ठरलं होतं.”

“येतो म्हटलं ना.” त्यांनी मिशाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि उरलेल्या अर्ध्या भागाला पातं लावलं. “आणि ही परत वाढवू नकोस.”